जुन्या चित्रांची नवी वार्ता

गेल्या सत्रात आमच्या वर्गात एक प्रथा होती. दररोज एका विद्यार्थ्याने वर्तमानपत्रातील एक बातमी वाचून दाखवावी आणि मग तिच्यावर थोडी चर्चा व्हावी. एके दिवशी नववीतील एका विद्यार्थिनीने क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराविषयीचे कात्रण वाचले. ते वाचून होते न होते तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे गृहस्थ तर १९२६ साली वारले. मग यांची बातमी कशी होईल?"

वर्ग हसला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. चित्रकार गेला, चित्र पुरे झाले, चौकटीत बसले, भिंतीवर टांगले गेले. मग त्यात नवे असे काय घडावयाचे राहिले? त्या दिवशी तास संपल्यामुळे उत्तर अपुरे राहिले. ते पुरे करावे, एवढ्याचसाठी हा लेख लिहीत आहोत.

प्रथम हे चित्रकार कोण, ते थोडक्यात पाहू. १८७४ सालच्या एप्रिल महिन्यात पॅरिस शहरात नादार नावाच्या छायाचित्रकाराच्या जुन्या चित्रशाळेत सुमारे तीस कलावंतांनी स्वतःच एक प्रदर्शन भरविले. सरकारमान्य प्रदर्शनात त्यांची चित्रे वरचेवर नाकारली जात असत. मोने, रेन्वार, देगा, पिसारो, सेझान ही नावे आज जगभर आदराने घेतली जातात. त्या वेळी मात्र लोक त्यांना पाहून हसले. मोनेच्या एका चित्राचे नाव होते 'इंप्रेशन, सूर्योदय'. लुई लरॉय नावाच्या टीकाकाराने त्या नावावरूनच सगळ्या मंडळाची थट्टा केली आणि थट्टेत दिलेले ते नाव त्यांना कायमचे चिकटले. मराठीत आपण या संप्रदायाला 'दृक्प्रत्ययवाद' म्हणतो. वस्तू कशी आहे हे आपण आधीपासून जाणतो. ते जाणणे बाजूस ठेवून, या क्षणी, या उजेडात डोळ्यांस ती जशी दिसते तशी रंगवावी, असा या मंडळींचा आग्रह होता. १८४१ साली धातूच्या नळीत भरलेल्या तयार रंगांचा शोध लागला होता. त्यामुळे चित्रकाराला रंगांची पेटी घेऊन थेट शेतात वा नदीकाठी जाऊन बसणे सोपे झाले. सुटे सुटे फटकारे, उजळ रंग आणि सावलीतही काळ्याऐवजी निळा-जांभळा रंग, ही त्यांची खूण.

आता वार्तेकडे वळू.

पहिली वार्ता त्याच 'सूर्योदय' चित्राची. धुक्याने भरलेले ल आव्र बंदर, पाण्यावर दोन-तीन होड्या आणि नारिंगी सूर्यबिंब, एवढेच त्या चित्रात आहे. मोनेने त्यावर सहीशेजारी '७२' असा आकडा घातला होता. तरी ते १८७२ सालचे की १८७३ सालचे, याविषयी अभ्यासकांत वाद होता. हा सूर्योदय नसून सूर्यास्त आहे, असेही कोणी म्हणत. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या डोनाल्ड ओल्सन या खगोलशास्त्रज्ञाने हा प्रश्न गणिताने सोडविण्याचे मनावर घेतले. मोने बंदराकाठच्या कोणत्या हॉटेलच्या खिडकीतून पाहत होता, हे जुन्या नकाशांवरून व छायाचित्रांवरून ठरविले. सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते मोजले. मोठी जहाजे भरतीच्याच वेळी बंदरात ये-जा करू शकत. म्हणून भरतीच्या वेळा तपासल्या. जे थोडे दिवस उरले, त्यांतून वादळाचे व पावसाचे दिवस हवामानाच्या जुन्या नोंदी पाहून वगळले. धुराची दिशाही वाऱ्याशी जुळवून पाहिली. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो असा की, या चित्रातला क्षण बहुधा १३ नोव्हेंबर १८७२ रोजी सकाळी सात वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमाराचा असावा.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट तारीख ही नव्हे. ज्या चित्राला लोकांनी 'अर्धवट', 'ओबडधोबड' म्हणून हिणविले, ते इतके प्रामाणिक होते की एकशे बेचाळीस वर्षांनी ज्योतिर्गणिताला त्यात आधार सापडला. मोनेने मनचे काही घातले नव्हते. जे दिसले तेच त्याने रंगविले होते.

दुसरी वार्ता रेन्वारची. शिकागोच्या कलासंग्रहालयात त्याने १८८३ साली रंगविलेले मादाम क्लापिसाँ या स्त्रीचे चित्र आहे. तिच्यामागची पार्श्वभूमी फिक्या निळसर-करड्या रंगाची दिसते. एकदा ते चित्र तपासणीसाठी चौकटीतून बाहेर काढले, तो कडेला चौकटीखाली झाकलेली एक अरुंद पट्टी झगझगीत लाल निघाली! आपल्या घरी भिंतीवरचे जुने कॅलेंडर काढल्यावर त्याखालचा रंग ताजा दिसतो, तसाच हा प्रकार. उजेडाने लाल रंग उडून गेला होता. चौकटीने झाकला तेवढाच वाचला होता.

पण तो लाल रंग कोणता, हे कसे ओळखावे? त्यासाठी वापरलेली पद्धत ऐकून आपल्या वर्गाची छाती फुगावी. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी कलकत्त्यात सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी जो परिणाम शोधून काढला, ज्यासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ज्याच्या स्मरणार्थ आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो, त्या रामन परिणामावर ती उभी आहे. पदार्थावर एकरंगी प्रकाश टाकला असता विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा भाग किंचित बदललेल्या रंगाचा असतो, आणि हा बदल प्रत्येक पदार्थागणिक निराळा असतो. जणू पदार्थाच्या बोटाचा ठसाच. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या साहाय्याने हा ठसा अधिक ठळक करता येतो. मग रंगाचा डोळ्यांना न दिसणारा कणही पुरतो. तो लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून केलेला निघाला. आपल्याकडे लाखेच्या किड्यांपासून लाल रंग काढीत, त्याच जातीचा हा प्रकार. सुंदर खरा, पण उजेडात न टिकणारा. या शोधानंतर शास्त्रज्ञांनी मूळ रंगांतील चित्र कसे दिसत असेल याची प्रतिकृती संगणकावर सिद्ध केली आणि २०१४ साली ती मूळ चित्राबरोबर लोकांसमोर मांडली. मूळ चित्राला मात्र कोणी हात लावला नाही. शहाणपण त्यातच होते.

तिसरी वार्ता व्हिन्सेंट व्हॅन गॉगची. हा दृक्प्रत्ययवाद्यांच्या पाठोपाठचा डच चित्रकार १८९० साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी मरण पावला. जिवंतपणी त्याची चित्रे फारशी विकली गेली नाहीत. पैशाच्या चणचणीमुळे तो एकाच कापडाच्या दोन्ही बाजूंवर रंगवीत असे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात त्याने काढलेले एका शेतकरी स्त्रीचे चित्र आहे. २०२२ साली एका प्रदर्शनाच्या तयारीत त्याचे क्ष-किरण छायाचित्र घेतले, तेव्हा कापडाच्या पाठीमागे, सरस व पुठ्ठा यांच्या थरांखाली, एक दाढीवाला चेहरा उमटला. डोक्यावर हॅट, गळ्यास सैल रुमाल. तो खुद्द व्हिन्सेंटचाच चेहरा होता! आपले हाड मोडले की डॉक्टर ज्या किरणांनी पाहतात, त्याच किरणांनी हा लपलेला माणूस सापडला.

त्याच्या 'ऑलिव्हची झाडे' या १८८९ च्या चित्रात तर अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या संग्रहालयाला २०१७ साली सूक्ष्मदर्शकाखाली रंगात रुतलेला नाकतोडा आढळला. तो धडपडल्याची खूण भोवतीच्या रंगात नव्हती, म्हणजे तो आधीच मेलेला होता. व्हॅन गॉग उघड्या रानात, वाऱ्यात नि धुळीत बसून रंगवीत होता, याचा असा साक्षीदार दुसरा कोठून आणावा?

चौथी वार्ता आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ४ जुलै १८८८ रोजी व्हॅन गॉगने माँमाजूर येथील सूर्यास्ताचे दृश्य रंगविले. त्यावर सही केली नाही. १९०८ साली ते नॉर्वेतील एका उद्योजकाने विकत घेतले. परंतु ते बनावट असल्याचे त्यास कोणी सांगितल्यामुळे त्याने ते माळ्यावर टाकून दिले. १९९१ साली ते ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाकडे तपासणीस आले, तेव्हा तेथील तज्ज्ञांनीही 'हे त्याचे नव्हे' असाच निर्वाळा दिला. पुढे त्याच संग्रहालयाने पुन्हा दोन वर्षे तपास केला. रंग त्या काळी तो वापरीत असलेल्या रंगांशी जुळले. व्हिन्सेंटने थिओ या आपल्या भावास दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या पत्रातील वर्णन चित्राशी तंतोतंत जुळले. आणि चित्राच्या पाठीवर '१८०' असा एक आकडा होता. थिओच्या संग्रहाची जी यादी १८९० साली केली होती, तीत १८० व्या क्रमांकावर याच चित्राची नोंद निघाली. ९ सप्टेंबर २०१३ रोजी संग्रहालयाने आपली पूर्वीची चूक मान्य करून ते चित्र व्हॅन गॉगचे असल्याचे जाहीर केले.

एक पत्र आणि पाठीवरचा एक आकडा! कोणीतरी जपून ठेवले म्हणूनच शंभर-सव्वाशे वर्षांनी चित्राला त्याचा बाप परत मिळाला. आणि ज्या तज्ज्ञांनी 'नाही' म्हटले होते, त्यांनीच 'आम्ही चुकलो' असे म्हटले, हेही विसरू नये. विद्येचा मोठेपणा अशा वेळी दिसतो.

कोणी म्हणेल, हे सारे पॅरिस नि ॲमस्टरडॅमचे झाले, आपल्याकडे काय? आपल्याकडेही त्याच काळात माणसे रंगवीत होती. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, शाहू महाराजांच्या पदरी राहिले आणि कोटितीर्थाच्या परिसरात फकिरी वृत्तीने आयुष्य घालवून १९३१ साली वारले. रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ यांची त्यांनी रंगविलेली दृश्ये पाहिली म्हणजे सुट्या रंगबिंदूंनी उजेड पकडण्याची तीच धडपड तेथे दिसते. पॅरिसला न जाता हा माणूस तळ्याकाठी बसून तोच प्रश्न सोडवीत होता. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर त्यांनी दुःखावेगाने आपली असंख्य चित्रे पाण्यात बुडविली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगतात. उरलेल्यांपैकी काही तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहेत.

गोव्यात १८७० साली जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांनी मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकविले आणि व्यक्तिचित्रणात असे नाव मिळविले की लोक त्यांना 'पूर्वेचे रेंब्रां' म्हणत. १९३५ साली ते वारले. त्यांची व त्यांची चित्रकार कन्या आंजेला यांची कितीतरी चित्रे कुटुंबाबरोबर परदेशी गेली होती. कुटुंबाच्या विश्वस्तांनी ती दानरूपाने परत पाठविली आणि आज ती पणजीस फोंताइन्यस भागात फुंदासाँव ओरिएंत या संस्थेकडे पाहावयास मिळतात. चित्रांना घरी परतण्याचे भाग्य क्वचितच लाभते.

आणि आपल्या राज्यातले उदाहरण तर अगदी शेजारचे आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर या मराठी शिक्षकाने १९२७ साली इंदूरला चित्रकलेची शाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन ही सारी त्या एका शिक्षकाच्या हाताखालून गेलेली मंडळी होत. बेंद्रे यांच्या आरंभीच्या निसर्गचित्रांत दृक्प्रत्ययवादाची छाया स्पष्ट दिसते. माळव्याचे ऊन त्या चित्रांत आजही तापते. एका शिक्षकाने काय करावे, याचा हा वस्तुपाठ आम्ही स्वतःसाठीही गिरवीत असतो.

आता एक घरची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. सांगावयास संकोच वाटतो, तरी सांगतो.

आमचे मूळ घर गोव्यात. माजघराच्या दारावर आमच्या पणजीचे एक तैलचित्र टांगलेले होते. कपाळी मोठे कुंकू, नाकात नथ, मांडीवर एकात एक गुंतविलेले हात. घरात तिला सगळेच 'व्हडली माय' म्हणत. आम्ही बारा वर्षांचे असताना चवथीपूर्वीच्या साफसफाईत, माटोळी बांधावयाच्या आदल्या दिवशी, घरातील मोठ्यांनी शाबासकी द्यावी या हौसेने आम्ही स्टुलावर चढलो आणि ओल्या फडक्यास साबण लावून ते चित्र घासले. काजळी निघाली, कुंकू उजळले. आम्हांस फार आनंद झाला. मग खालच्या उजव्या कोपऱ्यात पाहिले. तेथे तांबूस अक्षरांत एक सही होती. रंगाचे पापुद्रे सुटलेलेच होते. फडक्याबरोबर ते निघून आले होते. फडके पिळले, ते पाणी अंगणात गेले.

कोणी रागावले नाही, कारण कोणी ती सही कधी वाचलीच नव्हती. आम्ही मात्र पुढे कलेचा इतिहास वाचू लागलो, तेव्हापासून ते फडके आमच्या डोळ्यांपुढून गेले नाही. चित्र कोणी काढले, हे आता कोणी सांगू शकणार नाही, आणि याला कारण आमचाच हात.

माँमाजूरच्या चित्राची हकीगत वर्गात सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने सहज विचारले, "सर, तुम्ही तुमच्या चित्राची पाठ पाहिली का?" खरे सांगावयाचे तर पाहिली नव्हती. पंचवीस वर्षे हळहळलो, पण चित्र उलटून पाहण्याचे सुचले नव्हते. पुढच्या चवथीस घरी गेलो, तेव्हा दोघांनी मिळून ते हलक्या हाताने खाली उतरविले. मागच्या लाकडी पट्टीचा अर्धा भाग वाळवीने खाल्ला होता. उरलेल्या अर्ध्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेली दोन ओळींची बाळबोध अक्षरे होती. चित्रकाराचे नाव असेलच, तर ते वाळवीच्या भागात गेले. पण एक नाव शाबूत होते. ते व्हडली मायचे स्वतःचे नाव होते, तिच्या माहेरच्या गावासह. आमच्या घरात ते कोणालाच ठाऊक नव्हते; तिला आई, माय, सासू, काकी अशा नात्यांनीच सारे ओळखत आले होते. आमच्या वृद्ध आत्याने ते नाव दोनदा मोठ्याने उच्चारून पाहिले आणि ती पदराने डोळे पुसू लागली.

म्हणून मागच्या बाकावरच्या त्या मित्राला आमचे उत्तर असे: चित्रकार मेला तरी चित्राची बातमी संपत नाही, कारण आपण ते पुरते पाहिलेलेच नसते. वर्तमानपत्रे बहुधा चित्राची किंमत छापतात. किमतीची बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. पाहण्याची बातमी शिळी होत नाही.

आता तुमच्याकडून आमची अपेक्षा. घरी जुने चित्र वा छायाचित्र असेल तर ते ओल्या फडक्याने पुसू नका; साबण तर लांबच राहो. ऊन थेट पडेल अशा भिंतीवर आणि आपल्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर ते टांगू नका. वर्षातून एकदा उतरवून पाठ पाहा. वाळवी, बुरशी आहे काय ते तपासा. पाठीवर जे लिहिलेले असेल ते वहीत उतरून घ्या. चित्रातील माणसांची नावे आजी-आजोबांना विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद पाकिटात घालून चित्राजवळ ठेवा. चित्राच्या पाठीवर शाईने लिहू नका, शाई पुढे झिरपते. हे काम उद्यावर टाकू नका. चित्र थांबते, आजी-आजोबा थांबत नाहीत.

दुसरे काम आनंदाचे आहे. श्यामला टेकडीवरील भारत भवन १९८२ साली उभे राहिले. चार्ल्स कोरिया यांनी ते टेकडीच्या उतारात असे बसविले आहे की त्याच्या गच्च्यांवरून मोठा तलाव पायाशी पसरलेला दिसतो. एखाद्या रविवारी दुपारी तेथे जा. आतील चित्रे पाहून झाल्यावर गच्चीवर बसा आणि सूर्य मावळेपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाने तलावाच्या पाण्याचा रंग रंगपेटीतील रंगांनी टिपून घ्या. पाणी निळे असते, हे तुम्ही शिशुवर्गात शिकला आहात. त्या संध्याकाळी ते किती वेळा निळे नव्हते, ते मोजा. कागदाच्या मागे तारीख, वेळ आणि आपले नाव शिसपेन्सिलीने लिहावयास विसरू नका.